तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्डर का घेत नाही?

पोळा जवळ आला की फोन सुरू होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, पोरं नटूनथटून लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात. "तान्ह्या पोळ्याला आमच्या पोरालाही लाइटवाला ड्रेस शिवून द्या ना. पैसे घ्या. ऑर्डर का नाही घेत तुम्ही?" आजवर मी "वेळ नाही" म्हणत आले. ते खोटं होतं.

भाच्यासाठी काजवा शिवला होता. नागपूरच्या गांधीबागेतून आणलेलं काळं सॅटिन, जाळीचे पंख, पंखांत बारा एलईडी. वायरी दिसू नयेत म्हणून वीज वाहून नेणारा स्टीलचा दोरा वापरला. या दोऱ्यावर वायरीसारखं प्लास्टिक नसतं, तो उघडाच असतो. प्लस आणि मायनसच्या ओळी मी कॉलरवरून नेल्या, मध्ये जेमतेम बोटभर अंतर. ड्रेस हँगरवर दोन तास पेटता ठेवला. एकही दिवा विझला नाही, मी निर्धास्त झाले.

तिसऱ्या घरी बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे पैसे-खाऊ, घेऊन तो लाकडी नंदी उचलायला वाकला. म्हणाला, "मावशी, मुंगी चावली." मी म्हटलं, "थांब, फोटो होऊ दे." हो, हेच म्हटलं मी. दुसऱ्यांदा वाकला तेव्हा किंचाळला. वाकलं की कॉलर दुमडायची आणि दोन्ही दोरे एकमेकांना टेकायचे. लिथियमची ३.७ व्होल्टची बॅटरी, मध्ये फ्यूज नाही. करंट दिवे सोडून थेट त्या बारीक दोऱ्यातून गेला. बॅटरी पडू नये म्हणून खिसा मी शिवूनच टाकला होता. त्या घरच्या काकूंनी कात्री आणेपर्यंत मी दातांनी टाके तोडत होते. मानेवर लाल रेघ उठली. ताई एक शब्द बोलली नाही.

पोरांच्या अंगावर वीज नकोच, असं काही जण म्हणतात. ते मला आजही पटत नाही. लिआ बुइक्ली यांचा लिलीपॅड, म्हणजे कपड्यावर शिवता येणारा छोटा सर्किट बोर्ड, २००७ साली बाजारात आला, तेव्हापासून लोक याच दोऱ्यानं कपड्यांत सर्किट शिवताहेत. दोरा वाईट नव्हता. उघडे दोरे दुमडणाऱ्या जागी जवळजवळ नेऊ नयेत, हे नवशिक्यालाही सांगतात. मलाही ठाऊक होतं. वायरीनं कॉलर फुगली असती, म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

आता सिलिकॉनची मऊ वायर वापरते. बॅटरीपाशीच फ्यूज, खिशाला वेल्क्रो, बटण पोराच्या हाताला लागेल असं. मग आता तरी ऑर्डर घ्यायला काय हरकत आहे? घरच्या पोराबरोबर मी दारोदारी चालते, हात त्याच्या पाठीवर असतो. तुमच्या पोराबरोबर कोण चालणार? बॅटरी फुगली तर कोणाच्या लक्षात येणार? कधी वाटतं, ही काळजी खरी आहे. कधी वाटतं, "थांब" म्हणालेली ती मीच, आणि माझाच माझ्यावर भरवसा नाही. शिकायचं असेल तर मात्र घरी या, बसून शिकवीन, पैसे नकोत.

परवा भाचा म्हणाला, "मावशी, यंदा मोर कर ना." निळं कापड आणलंय. अजून कात्री लावलेली नाही.