प्रोसेसर कूलरचा आकडा खोलीच्या तापमानासकट वाचा

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरची चाचणी ‘फुल लोडवर ७२ अंश’, म्हणजे प्रोसेसर पूर्ण ताणात असताना ७२, एवढंच सांगत असेल तर तिला काडीची किंमत देऊ नका. एसीत २२ अंशांवर आलेले ७२ आणि एप्रिलच्या दुपारी अथणीत ३६ अंशांच्या खोलीत आलेले ७२ यांच्यात १४ अंशांचं अंतर आहे. म्हणून सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि उरेल तोच आकडा धरा.

तोही एकाच वॅटवर, म्हणजे प्रोसेसर तेवढीच वीज ओढत असताना. एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरवर ६५ वॅट छापलेले असतात, पण तो ८८ पर्यंत ओढतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ८८ ची मर्यादा घालून प्रोसेसरवर ताण देणारा सिनेबेंच आर२३ हा प्रोग्रॅम अर्धा तास सलग चालवा. सुरुवातीची दहा मिनिटं धरू नका, हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) तापून स्थिरावायला तेवढा वेळ जातो. शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून घ्या. खोलीच्या तापमानासाठी थर्मामीटर कॉम्प्युटरच्या केसच्या (डब्याच्या) पुढच्या फॅनसमोर ठेवा. मागे ठेवलात तर तापलेलीच हवा मोजली जाईल.

कूलरचा फॅन आधी पूर्ण वेगात फिरवा, मग १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेरे). पूर्ण वेगात स्वस्तातला कूलरही हुशार दिसतो, खरी पारख कमी वेगात होते.

रायझन ७ ७७००एक्ससारखे प्रोसेसर मुळातच ९५ अंशांपर्यंत चढतील असे बनवलेत. तिथे तापमानाची तुलना व्यर्थ. ९५ वर टेकल्यावर किती वॅट आणि किती मेगाहर्ट्झ (प्रोसेसरचा वेग) टिकतात ते लिहून ठेवा.

बसवण्यातली चूक कूलरच्या माथी मारली जाते ती अशी: तळाची प्लास्टिकची फिल्म तशीच राहते, किंवा एक स्क्रू आधीच आवळल्याने तळ कलतो आणि एका बाजूला पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) जाड राहते. वाटाण्याएवढी पेस्ट लावा, स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे द्या. चाचणी झाल्यावर उचलून पेस्ट कशी पसरली ते पाहा, पुन्हा बसवून पुन्हा मोजा. दोन वेळांत तीन अंशांहून जास्त फरक आला तर एक जोडणी नक्की चुकलीय. १२० मिलिमीटर फॅनचा टॉवर (उभा कूलर) साधारण १५५ मिलिमीटर उंच असतो, तेव्हा केसची मोजमापं विकत घेण्याआधीच बघा.

आता आपल्या बेळगावकडची धूळ. गळीत हंगामात कारखान्यालगतच्या गावांत काजळी उडते, निपाणीत तंबाखूची बारीक भुकटी. दोन्ही फिन्सच्या (कूलरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांच्या) फॅनकडच्या काठावर नमद्यासारखी जमतात, आणि खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात ती घट्ट चिकटते. त्यामुळे आपल्या भागात दाट फिन्सपेक्षा थोडं अंतर सोडलेल्या बऱ्या. (दाट फिन्सचा कूलर फोटोत मात्र भारी दिसतो.) फॅनची क्लिप काढून मऊ ब्रशने झाडा, ब्लोअर मारताना पाती बोटाने धरा, नाहीतर बेअरिंग जातं. साफसफाईनंतरही जुन्या आकड्यापेक्षा पाच अंश जास्त येत असतील तर पेस्ट बदला.

एएम४ या एएमडीच्या जुन्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं लोडवर चालवा, बंद करून कूलर किंचित पिळा, मगच उचला. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.