खुरीच्या वाळूत दोन रात्री : पुण्याहून स्वतःच्या गाडीने

सह्याद्रीत मी पंधरा वर्षं तंबू लावतेय. राजमाची, हरिश्चंद्रगड, पानशेतच्या मागची पठारं, सगळीकडे झोपून झालंय, त्यामुळे थरच्या वाळवंटात दोन रात्री काढायच्या ठरल्या तेव्हा तयारीची फार काळजी केली नाही. पण वाळूत आपल्या डोंगरातल्या निम्म्या सवयी चालत नाहीत, हे तिथे गेल्यावर कळलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण इथून बरेच लोक डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला जातात आणि रिसॉर्टच्या तंबूत एक रात्र काढून परत येतात, खरं वाळवंट बघायचं राहूनच जातं.

आम्ही पाच जण होतो, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, माझा मामेभाऊ आणि वहिनी. गाडी साधी एसयूव्ही, फोर बाय फोर नाही. पहिल्या दिवशी पहाटे चारला पुणे सोडलं आणि संध्याकाळी अहमदाबाद. दुसऱ्या दिवशी डीसा, सांचोर करत बाडमेर आणि तिथे मुक्काम. तिसऱ्या दिवशी बाडमेर ते जैसलमेर साधारण १५५ किलोमीटर, रस्ता सरळसोट आणि रिकामा. वाटेत जैसलमेरच्या अलीकडे अकलचं फॉसिल पार्क लागतं तिथे तासभर नक्की थांबा, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेत, आणि आज जिथे झुडूपसुद्धा धापा टाकत जगतं तिथे एकेकाळी एवढं जंगल होतं हे डोळ्यांनी बघताना माझी लेक कितीतरी वेळ गप्प होती. ज्यांना एवढं ड्रायव्हिंग नको त्यांनी ट्रेनने जोधपूर गाठून पुढे जैसलमेरला जावं आणि तिथून लोकल जीप करावी, ते जास्त सोपं आहे.

आता जागा कुठली. सगळ्यांना माहीत असतं ते सम, जैसलमेरपासून ४० किलोमीटर. वाळू सुंदर आहे, पण रात्री डीजे आणि जीपच्या फेऱ्या, शांतता मिळत नाही. आम्ही खुरी निवडलं, नैऋत्येला, अंतर साधारण तेवढंच, मातीच्या घरांचं गाव आणि घरांच्या मागेच वाळूच्या टेकड्या सुरू. या सगळ्या भागाला लागून डेझर्ट नॅशनल पार्क आहे, ३,१६२ चौरस किलोमीटरचं. पार्कच्या हद्दीत मनाने तंबू टाकायचा नाही, आत जायचं तर जैसलमेरला वनखात्याची परवानगी काढायची. हद्द जमिनीवर आखलेली दिसत नाही, म्हणून आधी गावात विचारा.

हे विचारणं मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याला वाटतं वाळवंट म्हणजे मोकळी सरकारी जमीन, कुणाचीच नाही, कुठेही उतरावं. पण तिथल्या बऱ्याच जमिनीला ओरण म्हणतात, देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड लावायची नाही, गुरं आणि उंट मात्र चरायला. अगदी आपल्या देवराईसारखं. काही जमीन गोचर म्हणजे गायरान. जैसलमेर जिल्ह्यातल्या देगराय मातेच्या ओरणातून विजेच्या मोठ्या लाइनी जातात म्हणून तिथले लोक किती तळमळीने बोलतात ते आम्ही ऐकलं, कारण माळढोक उडताना त्या तारांना धडकून मरतो. माळढोक म्हणजे तिकडचा गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण तिथे आता तो दिसणं फार अवघड झालंय, आणि देशात उरलेले बहुतेक याच जैसलमेरच्या गवताळ भागात आहेत. म्हणून गाडी गवतातून घालू नका, तो जमिनीवरच अंडं घालतो, सहसा एकच.

आम्ही गावातल्या एका वयस्कर काकोसांना (तिकडे काकांना असं म्हणतात) विचारलं, त्यांनी स्वतः चालत येऊन जागा दाखवली आणि एका खेजडीपासून लांब राहायला सांगितलं कारण तिथे त्यांचं थान, म्हणजे देवाचं ठाणं होतं. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. तिची पानं उंट-शेळ्यांना, शेंगा म्हणजे सांगरी माणसांना, आणि याच झाडांसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवी बिश्नोईंसकट ३६३ माणसांनी जीव दिला. वाळलेली फांदीसुद्धा सरपणाला तोडू नका. आम्ही गॅस नेला होता.

गाडीचं सांगते. गावापासून टेकडीकडे जाताना दोनशे मीटरवर चाकं रुतली आणि भावाने ॲक्सिलरेटर दाबला, तिथेच चुकलं, चाक फिरतं आणि गाडी आणखी खाली बसते. रुतली की लगेच थांबायचं, चाकांपुढची वाळू हाताने उकरायची, टायरची हवा कमी करायची. आम्ही ३२ पीएसआयवरून १८ पर्यंत आणली, टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो, मग पायपुसणी चाकाखाली घालून हळू बाहेर. डांबरी रस्त्यावर येताच परत हवा भरायची, कमी हवेवर वेगात गाडी पळवली तर टायर फुटतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला छोटा पंप इथे पैसे वसूल करून गेला. खरं म्हणजे गाडी गावातच लावून सामान उंटगाडीवर न्यावं, दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं.

तंबू. सह्याद्रीत खुंटी बसली नाही तर दगडाला दोरी बांधतो, इथे दगडच नाही. खुंट्या दोन बोटांनी उपटून येतात, आणि संध्याकाळी वाऱ्याचा एक झोत आला तर तंबू पूर्ण आडवा. काकोसा बघत होते, ते म्हणाले पिशवी पुरा. मग किराणाच्या कापडी पिशव्यांत वाळू भरली, तोंड बांधून दोरी मधोमध गुंडाळली आणि हातभर खोल खड्ड्यात पुरून वरून वाळू दाबली. दोन रात्री एक दोरी सैल झाली नाही. माणशी दोन रिकाम्या पिशव्या न्याच.

जागा निवडताना टेकडीच्या माथ्यावर नको, वारा झोपू देत नाही. अगदी खोलगट भागातही नको, रात्री थंड हवा तिथे साचते. टेकडीचा उभा उतार असतो ना, सुमारे ३३-३४ अंशाचा, वाळू त्याहून तिरकी उभी राहूच शकत नाही, घसरते, तर त्याच्या पायथ्याशीही नको. मधल्या सपाटीवर, झुडपांपासून थोडं लांब. झुडपाच्या बुडाशी उंदरांची बिळं असतात आणि उंदरांमागे साप. फुरसं आणि मण्यार दोन्ही तिथे आहेत. तिकडे पीवणा सापाची गोष्ट सांगतात, रात्री छातीवर बसून श्वास पितो म्हणे. ती मण्यारीचीच गोष्ट आहे, तिचा दंश झोपेत जाणवतच नाही, माणूस सकाळी गुदमरतो. थंडीत साप फार फिरत नाहीत, तरी तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे, उघड्यावर झोपायचं तर खाटेवर. काही झालं तर झाडपाला नाही, थेट जैसलमेरचं सरकारी हॉस्पिटल, म्हणून गाडीची चावी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

थंडी खरी असते. दुपारी हाफ शर्टात फिरलो आणि पहाटे गाडीतलं तापमान ५ दाखवत होतं. हवा कोरडी, ढग नाहीत, वाळू सूर्य मावळला की भराभर निवते. वरच्या जाकिटापेक्षा खालची मॅट जाड घ्या, गारठा जमिनीतून येतो.

पाणी माणशी रोजचं पाच लिटर धरून जैसलमेरहूनच भरून नेलं. गावात टांका असतो, पावसाचं पाणी साठवायचा, आपल्या गडावरच्या टाक्यासारखाच आणि शब्दही तोच. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पावसावर ते घर जगतं, तेव्हा त्यातलं पाणी भांडी घासायला मागू नका. तिथल्या बायका कोरड्या वाळूने भांडी लख्ख करतात, वहिनीने शिकून घेतलं, आमचे टोप दोन रात्री बिनपाण्याचे घासले गेले. शौचाचंही तेच, आपल्या ओल्या मातीत पुरलेलं कुजतं, इथे वाळतं आणि वाऱ्याने उघडं पडतं. कागद, वाइप्स, पॅड सगळं बंद पिशवीत परत आणायचं, आम्ही पुण्यापर्यंत आणलं.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून होती, दुसऱ्या रात्री काकोसांच्या घरून बाजरीचा सोगरा म्हणजे भाकरी आणि कैर-सांगरीची भाजी आली. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, मग शेवटी आम्ही जागेचे आणि उंटगाडीचे मिळून त्यांच्या मुलाच्या हातात दिले. तुम्हीही आधीच बोलून ठरवा, संकोच राहत नाही.

अमावस्येच्या आसपास जा. रात्री दहाला मृग डोक्याकडे चढत होता, खाली व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिका, लेकीने कृत्तिकेतल्या सात चांदण्या मोजल्या, पुण्यात आम्हाला तीनही धड दिसत नाहीत. आणि पहाट चुकवू नका. ऊन यायच्या आधी वाळू दवाने किंचित ओलसर असते आणि रात्रभर कोण कोण फिरलं ते त्यावर लिहिलेलं असतं. भुंगेऱ्याची शिवण घातल्यासारखी रांग, उंदराच्या उड्या, तंबूपासून दहा पावलांवरून सरळ गेलेला कोल्हा. आम्ही रात्री काहीही ऐकलं नव्हतं. नऊला वारा सुटला आणि सगळं पुसलं.

थोडं सुटं सुटं: भुरट नावाच्या गवताची काटेरी फळं मोज्यात घुसतात, आपल्या कुसळांपेक्षा वाईट, लोकरीचे मोजे नकोत. चढताना वाऱ्याकडच्या घट्ट बाजूने, उभ्या मऊ उताराने नाही. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर बदलू नका. सीमा जवळ आहे, ओळखपत्र सगळ्यांचं मूळ ठेवा आणि ड्रोन घरीच. रेंज गावात आहे, टेकडीमागे जाते.

घरी आल्यावर तंबू गच्चीत उलटा टांगून दोन दिवस झटका आणि चेनचे दात कोरड्या टूथब्रशने साफ करा, तेल लावलं तर वाळू चिकटून चेन जाते.