नाव जुळलं, धार जुळेना

आंबोलीच्या सड्यावर ती अळंबी दिसली तेव्हा मी खाली बसून पायाची जळू काढत होते. गवतात बोटभर उंच, टोपी रुपयाएवढी, निळीकाळी. शोधल्यावर सात मिळाल्या. खोलीवर येऊन एकीची टोपी पांढऱ्या कागदावर ठेवली, वर वाटी उपडी घातली. सकाळी कागदावर गळलेल्या बीजाणूंनी गिल्सची, म्हणजे टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांची, गुलाबी नक्षी उमटलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ते बीजाणू पाहिले तर कोनाकोनांचे, पैलू पाडल्यासारखे. म्हणजे एन्टोलोमा वंशातली, एवढं नक्की. पुढे कुठल्याच वर्णनाशी ती जुळेना. मी तर मनातल्या मनात बारसंही उरकून टाकलं होतं.

सप्टेंबरात एका सकाळी तिच्या डीएनएमधल्या आयटीएस भागाचा (बुरशीची जाती ओळखायला हाच भाग वापरतात) सिक्वेन्स आला. जेनबँकमध्ये, म्हणजे जगभरच्या संशोधकांनी टाकलेल्या सिक्वेन्सच्या साठ्यात, ताडून पाहिला. पहिल्याच ओळीत ९९ टक्के साम्य आणि पुढे नाव: एन्टोलोमा सेरुलॅटम. युरोपातली, फ्रीस या स्वीडिश बुरशीतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नाव दिलेली जाती. माझा चेहरा पडला.

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. "अगं, ते नाव कुणीतरी टाइपच केलंय ना? गिलची धार बघितलीस का?"

नव्हती बघितली. गिलचा मधला भाग पाहिला होता, धार नाही.

वाळलेल्या गिलचा नखाएवढा तुकडा ब्लेडने काढला, पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगवला, पेशी उठून दिसाव्यात म्हणून काँगो रेड हा रंग लावला. सेरुलॅटमची ओळखच मुळी धारेत आहे: धार निळीकाळी, करवतीसारखी दातेरी आणि तिथे बीजाणू धरणाऱ्या पेशी नाहीत, नुसत्या सिस्टिडिया नावाच्या वांझ पेशी. माझ्या तुकड्यात अगदी टोकापर्यंत बीजाणूधारी पेशी दाटीवाटीने उभ्या, प्रत्येकीच्या माथ्यावर चार शिंगं. सिस्टिडिया एकही नाही. खात्री वाटेना म्हणून आणखी दोन अळंब्यांच्या धारा कापल्या. तेच.

मग यादी खालपर्यंत वाचली. त्याच नावाच्या युरोपातल्या नोंदी पार खाली होत्या. वंशवृक्ष काढला तर त्या सगळ्या एका फांदीवर, आणि आमची अळंबी त्या पहिल्या ओळीतल्या नोंदीसोबत भलत्याच फांदीवर. निळ्या रंगाने त्या अनोळखी संशोधकालाही फसवलं असावं. जेनबँकमधलं नाव सहसा ज्याने टाकलं त्यालाच बदलता येतं. बाकीच्यांनी नुसतं चरफडायचं.

दुपारी चहा घेताना मॅडमनी वर्णन लिहायला घेतलं. नवी जाती मांडायची तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत नमुना, म्हणून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) द्यावा लागतो (आमचा पुण्याच्या आजरेकर हर्बेरियमला जायचा होता) आणि २०१३ पासून नावाचा नोंदणी क्रमांकही लागतो. ते काही अवघड नव्हतं. त्यांनी विचारलं, "टोपी निळी म्हणजे नेमकी कुठली निळी?"

वही उघडली. पावसाने पसरलेल्या शाईत माझ्याच अक्षरात फक्त 'निळी' लिहिलेलं. रंगांचा तक्ता सॅकमध्येच राहिला होता. फोनमधले फोटो ढगाळ उजेडात काढलेले, दोन फोटोंत दोन निळ्या. आणि पाकिटातल्या अळंब्या वाळून चहापुडीच्या रंगाच्या झाल्या होत्या.

मॅडमनी पेन मिटलं. पुढच्या जुलैत मी पुन्हा त्याच सड्यावर होते, तक्ता गळ्यात अडकवून.