दहा लाख नोकऱ्या आणि पगाराचा रकाना

बिहारमध्ये २०२० च्या विधानसभा निवडणुकीआधी, २७ सप्टेंबरला, राष्ट्रीय जनता दलाचे (राजद) नेते तेजस्वी यादव यांनी जाहीर केले की आपले सरकार आले तर मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत, पहिल्याच सहीने दहा लाख सरकारी नोकऱ्यांचा निर्णय होईल. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कोरोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली येथून लाखो बिहारी मजूर श्रमिक रेल्वेने, ट्रकने, काही चक्क पायी आपापल्या जिल्ह्यांत परतले होते. भिवंडीचे यंत्रमाग आणि पुण्याची बांधकामे त्यांच्यावाचून कशी ठप्प झाली, हे आपण महाराष्ट्रात पाहिलेच होते. त्या पार्श्वभूमीवर तिशीतल्या विरोधी पक्षनेत्याने दिलेल्या या आश्वासनाने, जात आणि लालूप्रसादांच्या काळातील, विरोधक ज्याला ‘जंगलराज’ म्हणतात त्या कारभाराच्या आठवणी यांभोवती फिरणारा प्रचार तीन-चार आठवड्यांत रोजगारावर आणून ठेवला. तेव्हापासून २०२५ पर्यंत या आश्वासनाचे जे काही झाले ते मी बऱ्यापैकी बारकाईने वाचत आलो आहे, कारण उमेदवाराने दिलेल्या नोकरीच्या आश्वासनावर वाद कसा घालावा आणि कसा घालू नये, या दोन्हींचे नमुने त्यात सापडतात.

दहा लाख हा आकडा हवेतून काढलेला नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. राज्यात साडेचार लाख पदे रिक्त आहेत आणि आरोग्य, शिक्षण, पोलीस या खात्यांमध्ये राष्ट्रीय सरासरीइतके मनुष्यबळ आणायचे तर आणखी साडेपाच लाख पदे लागतील, अशी त्याची फोड तेजस्वी यांनी दिली होती. म्हणजे आकड्याचा निम्मा भाग तपासता येण्याजोगा होता आणि उरलेला निम्मा निदान चर्चा करण्याजोगा होता. आश्वासनाकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

मी नोकरीची काही वर्षे आस्थापना शाखेत काढली आहेत, त्यामुळे ‘रिक्त पदे’ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर एक तक्ता येतो. त्याला मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे असे तीन मुख्य रकाने असतात. भाषणात येतो तो तिसरा. मात्र त्या रकान्याच्या पोटात आणखी बरेच काही दडलेले असते. रिक्त पदांपैकी काही पदोन्नतीची असतात. ती भरली तर खालच्या माणसाची खुर्ची बदलते, बाहेरच्या तरुणाला त्यातून थेट काही मिळत नाही. काही पदे जुन्या आकृतिबंधात, म्हणजे खात्याच्या मंजूर पदांच्या आराखड्यात, राहून गेलेली असतात आणि वित्त विभाग ती भरायला कधीच मान्यता देत नाही. काहींवर कंत्राटी माणूस आधीच काम करत असतो. सरळसेवेची, म्हणजे बाहेरून थेट भरायची, जी पदे उरतात, त्यांच्यासाठी बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम दाखवणारी यादी) तपासून घ्यायची, मागणीपत्र आयोगाकडे पाठवायचे, जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रांची पडताळणी आणि मधेच एखादी न्यायालयीन स्थगिती, असा तो प्रवास असतो. पहिल्या बैठकीतील पहिल्या सहीने यांतले काहीही होत नाही. फार तर कामाला सुरुवात करण्याचा आदेश निघतो. तेजस्वी यांच्या आश्वासनावर हा आक्षेप घेता आला असता आणि तो नेमका ठरला असता.

प्रत्यक्षात आक्षेप आला तो वेगळा. पैसा कुठून आणणार, असे मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी विचारले आणि तुरुंगातून आणणार की नकली नोटा छापणार, अशी जोडही दिली. तुरुंगाचा टोला अर्थातच तेजस्वी यांचे वडील, चारा घोटाळ्यात शिक्षा झालेले लालूप्रसाद, यांना होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री सुशील कुमार मोदी, जे आता हयात नाहीत, त्यांनी मात्र हिशेब मांडला: दहा लाख नव्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर वर्षाला ५८,४१५ कोटी रुपये जादा लागतील. राज्याचा त्या वर्षीचा संपूर्ण अर्थसंकल्प सुमारे २ लाख ११ हजार कोटींचा होता आणि बिहारच्या महसुलातील सुमारे तीन चतुर्थांश भाग केंद्राकडून येतो, हे लक्षात घेतले तर हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणशी भागाकार केला तर दरमहा ४८ हजारांहून अधिक खर्च धरलेला दिसतो. शिपाई, हवालदार आणि प्राथमिक शिक्षक यांची संख्या जास्त असणार हे पाहता तो थोडा चढा वाटतो. तरीही दहा लाख लोकांचा पगार हा दरवर्षी महागाई भत्त्यासह वाढत जाणारा खर्च आहे, तो एकदा मांडून संपत नाही.

यावर तेजस्वी यांचे उत्तर असे होते की राज्याच्या अर्थसंकल्पातील जवळजवळ ४० टक्के रक्कम खर्चच होत नाही, ती वापरू. मला हे उत्तर पटले नाही. अर्थसंकल्पातील अखर्चित तरतूद म्हणजे तिजोरीत पडून असलेली रोकड नव्हे. अनेकदा तरतूद कागदावर असते आणि अपेक्षित महसूल किंवा केंद्राचा हप्ता न आल्यामुळेच ती खर्च होत नाही. शिवाय बांधकामासाठी ठेवलेला पैसा पगाराकडे वळवला तर रस्ते आणि धरणे मागे पडतात, आणि त्यांवरचा रोजगारही. एवढे असले तरी, एका बाजूने खर्चाचा आकडा आणि दुसऱ्या बाजूने त्याचा स्रोत, असा वाद एखाद्या राज्याच्या निवडणुकीत जाहीरपणे होणे ही गोष्ट दुर्मीळ आहे आणि मी ती चांगल्या खात्यात टाकतो.

हा वाद रंगात येत असतानाच २२ ऑक्टोबरला निर्मला सीतारामन यांनी भाजपचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात मोफत कोरोना लसीबरोबर १९ लाख रोजगारांचे वचन होते. दहा लाखांना पैसा कुठून आणणार, असे विचारणाऱ्या नितीश यांच्याच आघाडीतील पक्षाने जवळजवळ दुप्पट आकडा मांडल्यामुळे तेजस्वींच्या सभांना आयतेच खाद्य मिळाले. मात्र त्या १९ लाखांची फोड पाहिली तर त्यात तीन लाख शिक्षक, आरोग्य क्षेत्रात एक लाख, राज्याला माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र बनवून पाच लाख आणि शेती व तिच्याशी निगडित उद्योगांतून दहा लाख असा हिशेब होता. त्यातील चार लाखांच्या आसपास पगार राज्याच्या तिजोरीतून द्यावे लागले असते. बाकीचे कोणी द्यायचे, हे बाजारावर सोडलेले होते. अशा आकड्याला खर्च लागत नाही, म्हणून त्याला खर्चाचा प्रश्नही लागू होत नाही आणि पाच वर्षांनी तो पूर्ण झाला की नाही हे तपासायला कोणताही तक्ता उपलब्ध नसतो. राजकीयदृष्ट्या हुशारी यातच आहे. दहा लाख म्हणणारा हिशेबाच्या कचाट्यात सापडतो, एकोणीस लाख म्हणणारा सापडत नाही.

निकालात नितीश आणि भाजप यांच्या एनडीएला २४३ पैकी १२५ जागा मिळाल्या आणि तेजस्वी यांच्या महाआघाडीला ११०. दोन्ही आघाड्यांच्या मतांतील फरक नगण्य होता आणि ७५ जागांसह राजद सर्वांत मोठा पक्ष ठरला. सरकार नितीश कुमार यांचेच आले.

पुढे जे घडले ते कुणी लिहून ठेवले असते तर अतिशयोक्ती वाटली असती. ऑगस्ट २०२२ मध्ये नितीश कुमार यांनी भाजपची साथ सोडली, तेजस्वी उपमुख्यमंत्री झाले आणि शपथविधीनंतर पाचच दिवसांनी, १५ ऑगस्टला, पाटण्याच्या गांधी मैदानातून नितीश यांनी दहा लाख नोकऱ्या आणि आणखी दहा लाखांना रोजगाराच्या इतर संधी देण्याचे जाहीर केले. पैसा कुठून येणार, हा त्यांचाच प्रश्न तोवर अनुत्तरित होता आणि आता तो विचारणारेही कोणी उरले नव्हते, कारण विरोधी बाकांवर गेलेल्या भाजपच्या खात्यावर १९ लाख जमा होते.

तरीही काही ठोस घडले, हे मान्य करावे लागते. बिहार लोकसेवा आयोगामार्फत शिक्षकांची १,७०,४६१ पदे जाहीर झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये परीक्षा झाली आणि २ नोव्हेंबर २०२३ पर्यंत सुमारे १ लाख २० हजार उमेदवारांची नियुक्तीपत्रे तयार होती. त्या दिवशी गांधी मैदानात त्यांच्या वाटपाचा सोहळा झाला. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या फेरीत आणखी सुमारे ९६ हजार पत्रे दिली गेली. महाराष्ट्रातील शिक्षकभरतीची वाट पाहत वयोमर्यादा ओलांडलेल्या डीएड उमेदवारांना विचारा, म्हणजे जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंतचा हा वेग किती असाधारण आहे ते कळेल.

पण या आकड्यांतही माझ्या तक्त्यातील पोटरकाने होतेच. २००६ पासून बिहारने पंचायतींमार्फत ‘नियोजित शिक्षक’ नावाचा एक वर्ग उभा केला होता. सुरुवातीला चार-पाच हजार रुपयांच्या ठोक वेतनावर नेमलेल्या आणि पुढे साडेतीन लाखांच्या वर गेलेल्या या शिक्षकांना नियमित शिक्षकांइतका पगार देणे बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये दिला. यातले हजारो शिक्षक आयोगाच्या परीक्षेला बसले आणि निवडून आले. त्यांची नोकरी सुधारली, पगार वाढला, हे चांगलेच झाले. परंतु ‘नवी नोकरी’ म्हणून त्यांची गणना करणे म्हणजे एकाच माणसाला दोनदा मोजणे होय. भरतीतील स्थानिक रहिवासाची अट जून २०२३ मध्ये काढून टाकल्यावर शेजारच्या राज्यांतील उमेदवारही आले आणि मग पाटण्याच्या रस्त्यावर प्रश्न उभा राहिला की आश्वासन दिले होते ते कुणाला? गणित आणि विज्ञानाला पुरेसे पात्र उमेदवार मिळत नाहीत, हे सरकारचे कारण अगदीच खोटे नव्हते, पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. गंमत म्हणजे २०२५ च्या निवडणुकीच्या तोंडावर शिक्षकभरतीत स्थानिकांना प्राधान्य देण्याची घोषणा नितीश यांनीच केली.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस नितीश पुन्हा भाजपकडे गेले आणि वादाने वेगळेच वळण घेतले: नोकऱ्या दिल्या कोणी? आपल्या सतरा महिन्यांत जे झाले ते सतरा वर्षांत झाले नव्हते, असे तेजस्वी सांगत राहिले. मुख्यमंत्री तर मीच होतो, असे नितीश यांचे म्हणणे राहिले. श्रेयाच्या या भांडणात, पदे किती होती, किती भरली आणि पुढच्या पाच वर्षांत निवृत्तीने किती रिकामी होणार, हे सांगणारी श्वेतपत्रिका मागण्याचे कुणाला सुचले नाही.

२०२५ मध्ये मात्र गणिताला पूर्णच रजा मिळाली. ९ ऑक्टोबरला तेजस्वी यांनी वचन दिले की ज्या कुटुंबात सरकारी नोकरी नाही अशा प्रत्येक कुटुंबाला एक नोकरी देऊ. सत्तेत आल्यावर वीस दिवसांत कायदा करू आणि वीस महिन्यांत एकही घर सरकारी नोकरीविना राहणार नाही. त्यांच्याच आघाडीच्या सरकारने केलेल्या २०२३ च्या जातसर्वेक्षणानुसार राज्यात सुमारे २ कोटी ७६ लाख कुटुंबे आहेत आणि सरकारी नोकरीत असलेले लोक साडेवीस लाखांच्या आत, म्हणजे लोकसंख्येच्या १.५७ टक्के. तेव्हा किमान अडीच कोटी नोकऱ्या लागणार. दरमहा अवघे २० हजार रुपये धरले तरी वर्षाचा पगार ६ लाख कोटींवर जातो, आणि राज्याचा २०२५-२६ चा सगळा अर्थसंकल्प सुमारे ३ लाख १७ हजार कोटींचा. भरतीचा वेग पाहायचा तर महिन्याला साडेबारा लाख नियुक्त्या. वर उल्लेखिलेल्या शिक्षकभरतीच्या दोन्ही फेऱ्या मिळून सव्वादोन लाखही भरत नाहीत. २०२० चे आश्वासन महाग होते, हे अशक्य होते. ज्या नेत्याने पाच वर्षांपूर्वी फोड देऊन आकडा मांडला होता, त्यानेच आपल्या हातातील एकमेव विश्वासार्ह मुद्दा असा वाया घालवावा, याचे मला आजही नवल वाटते.

सत्ताधाऱ्यांचे उत्तर एक कोटी ‘नोकरी आणि रोजगार’ असे होते. यातील किती सरकारी, किती खासगी, किती स्वयंरोजगार, हे सांगितले गेले नाही. त्याआधीच, २६ सप्टेंबरला, मुख्यमंत्री महिला रोजगार योजनेखाली ७५ लाख महिलांच्या खात्यांत प्रत्येकी दहा हजार रुपये जमा झाले होते आणि पुढच्या काही दिवसांत ही संख्या कोटीच्या पुढे गेली. शेळी घ्यायला, शिलाई यंत्र घ्यायला किंवा छोटे दुकान टाकायला हे पैसे आहेत, असे सांगितले गेले. वीस महिन्यांनी मिळणाऱ्या नोकरीपेक्षा आज खात्यात आलेले दहा हजार खरे, असा विचार मतदार बाईने केला असेल तर तिला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. १४ नोव्हेंबरला एनडीएला २०२ जागा मिळाल्या आणि राजद २५ वर आला.

महाराष्ट्राने या बाबतीत बिहारकडे पाहून हसण्याचे कारण नाही. २०२४ च्या विधानसभेला महायुतीने २५ लाख रोजगारांचे वचन दिले आणि महाविकास आघाडीने बेरोजगार तरुणांना दरमहा चार हजार रुपयांचे. निवडणुकीआधी सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतील प्रशिक्षणार्थींना सहा महिने सहा ते दहा हजारांचे विद्यावेतन मिळाले, मग पाच महिने मुदतवाढ मिळाली, आणि नंतर कायम करा म्हणून त्यांची आंदोलने झाली. मात्र याच राज्याने एकदा रोजगाराच्या वचनाचा खर्च कोण देणार हे आधी ठरवून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि वि. स. पागे यांचे नाव जिच्याशी जोडलेले आहे ती रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली, परंतु त्याआधीच, १९७५ मध्ये, तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला होता. पगारपत्रकाच्या कपातीच्या बाजूला दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये दिसतात, तो हाच कर. योजनेत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटावर खोटी नावे लागली, काम अंगमेहनतीचेच होते, हे सगळे खरे आहे. तरी शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलावा, हे विधिमंडळाने उघडपणे ठरवले होते आणि कुणाच्या खिशातून किती जाणार हेही.

२०२५ च्या निवडणुकीनंतर बिहारमध्ये आलेल्या सरकारने एक कोटींचे उद्दिष्ट पाच वर्षांसाठी कायम ठेवले. वर्षाला वीस लाख, म्हणजे सुट्ट्या धरूनही दिवसाला साडेपाच हजारांच्या आसपास. ही मोजदाद कोण करणार आणि कशी, हे पाटण्यातील पत्रकारांनी पहिल्या वर्षीच विचारून घ्यावे: नियमित वेतनश्रेणीतील किती, ठोक मानधनावरचे किती, आधीच सेवेत असून पद बदललेले किती, आणि दहा हजारांतून शेळी घेतलेली बाई यातील कोणत्या रकान्यात येते.