वर्कशॉपमधलं ॲम्बॅसेडरचं इंजिन

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून मेसेज आला, तेव्हाच ठरवलं की गॅदरिंग आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच, आपण टेक्निकलवाले, आपण वर्कशॉपवरच लिहायचं.

कोपऱ्यात स्टँडवर ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, अर्धं कापलेलं. सरांनी एकदा विचारलं, स्पार्क कधी पडतो रे? सगळे ओरडलो, पिस्टन वर पोचला की! सरांनी काही न बोलता खडू घेतला. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदात, आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण जळायला साधारण २ मिलिसेकंद धरा, तेवढ्यात क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) ३६ अंश फिरून मोकळा! म्हणजे स्पार्क आधीच पडायला हवा, तरच जास्तीत जास्त दाब पिस्टन खाली वळल्यावर १५ अंशांच्या आसपास मिळतो. फार आधी पडला तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दणका आणि वर नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ठकठक.

मग कोणीतरी विचारलं, मग दुप्पट वेगाला, ६००० आरपीएमला, स्पार्क ७२ अंश आधी लागेल का? (हा प्रश्न विचारणारा आज बँकेत आहे, काय करणार.) सर खूश. म्हणाले नाही, वेग वाढला की आत हवा जास्त घुसळते, ज्योतही भराभर पसरते, म्हणून तेवढा ॲडव्हान्स, म्हणजे स्पार्क तेवढा आधी, लागत नाही.

पण मला खरी मजा वाटली ती कार्बोरेटरपासून (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक सिलेंडरला वेळेवर स्पार्क पोचवणारा भाग) गेलेल्या बारीक नळीची. व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब पडतो, जेटमधून पेट्रोल ओढलं जातं, हे पुस्तकात होतंच, एका ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम हवा वगैरे. नळीचं मात्र सरांनीच सांगितलं. थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, थोडाच उघडा असला की सिलेंडरमध्ये मिश्रण कमी भरतं आणि ते सावकाश जळतं, त्याच वेळी थ्रॉटलच्या पट्टीजवळ व्हॅक्यूम जोरात असतो, तो नळीतून डिस्ट्रिब्युटरचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) ओढतो, आतली प्लेट सरकते आणि स्पार्क आणखी आधी पडतो. सरांनी नळी काढून तोंडाने हवा ओढून दाखवली, आतली प्लेट टिचकन सरकली, आम्ही रांग लावून ओढली, सगळ्यांच्या तोंडाला पेट्रोलचा वास.

आता माझं गॅरेज आहे. २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतर नव्या गाड्यांत हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बघतो, पण जुनी चेतक घेऊन गिऱ्हाईक येतं, 'कार्बोरेटर गंडलाय, स्क्रू फिरवून फिरवून थकलो' म्हणत, आणि मी कार्बोरेटरला हात न लावता आधी पॉइंटचा गॅप (ज्या संपर्काच्या उघडण्याने स्पार्क पडतो त्यातली फट) बघतो, निम्म्या वेळा गाडी तिथेच सुधारते.