टँकर लावला की झालं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विचारलंत म्हणजे दर उन्हाळ्यात, लातुरात कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर. प्रश्न ठरलेला: "निर्वासितांच्या छावणीला पाणीच तर द्यायचंय. टँकर लावा, ओता, संपलं. त्याला इतकी माणसं अन् इतका पैसा कशाला? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा कुठं होता असा ताफा?"

टँकर काय असतो हे मराठवाड्याला शिकवायला नको. पण २०१६ ला लातूरकर आपापल्या घरात होते. संडास होते, शुद्धीकरण केंद्र होतं, दवाखाने चालू होते. कमी होतं ते पाणी. युद्धातून पळालेल्याजवळ यातलं काहीच नसतं. जमलंच तर एखादा तेलाचा डबा.

आधी लिटरचं बघू. माणशी दिवसाला १५ लिटर, पिणं-रांधणं-धुणं धरून. वीस हजारांच्या छावणीला ३ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या रोज ३० खेपा. रस्ता चालू असला तर. एका तोटीवर जास्तीत जास्त २५० माणसं. मिनिटाला साडेसात लिटरची धार असेल तर तेवढ्यांचं भरायला ८ तास २० मिनिटं लागतात. टाकी उंचावर बसवली नाही अन् धार निम्मी झाली, की जवळजवळ १७ तास. मग रांग रात्रीत जाते, अन् अंधारात रांगेत उभं राहायचं नसलेली बाई ओढ्याचं पाणी भरते.

पूर्वी मीही लिटरच मोजायचो. लिटर पुरले की काम झालं, असं ठासून सांगायचोसुद्धा. आफ्रिकेतल्या गोमा शहराचे अहवाल वाचल्यावर ते सांगणं बंद केलं.

जुलै १९९४. रवांडातून काही दिवसांत पाच ते आठ लाख माणसं सीमा ओलांडून झैरमधल्या (आताचं काँगो) गोमा शहराभोवती येऊन बसली. खाली लाव्ह्याचा खडक. आपला काळा पाषाणही लाव्ह्याचाच, पण आपल्याकडं वर माती आहे. तिथं कुदळ लागेना. संडासाचे खड्डे होईनात, मेलेल्यांना पुरायलाही जागा खणता येईना. उघड्यावर शौच, अन् प्यायला किवू सरोवर. पहिल्या आठवड्यात शुद्ध पाणी मिळालं ते माणशी दिवसाला सरासरी ०.२ लिटर. किबुंबा छावणीजवळ तर पाणीच नव्हतं, सगळी भिस्त टँकरवर. कॉलरा पसरला, मागोमाग रक्ताची हगवण. महिनाभरात सुमारे ५०,००० माणसं गेली, बहुतेक जुलाबानं.

बरं, उपचार माहीत नव्हता असंही नाही. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ अन् अडीच ग्रॅम खायचा सोडा घालून तेच पाजायला लावलं, तेही नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं. (त्याच निर्वासितांसाठी आपण पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावत होतो, जुन्या मंडळींना आठवेल.) तेवीस वर्षांनी गोम्यात मदतीला गेलेल्यांपैकी अनेकांनी कॉलरा हाताळलाच नव्हता. सलाईन हळू सोडलं, काही ठिकाणी चुकीचं लावलं, तोंडानं पाजणं कमी पडलं. हे ढाक्याहून गेलेल्या कॉलराच्या जाणकारांनी नंतर लिहून ठेवलंय. तेव्हा "माणसं कशाला" हे विचारूच नका. कसली माणसं, ते विचारा.

आता टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. १०,००० लिटरला दर लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर २० ग्रॅम लागतं. ताज्या, ३३ टक्क्यांच्या पावडरीतून ६० ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी ओतायची अन् अर्धा तास थांबायचं. पिशवी उन्हात उघडी राहून पावडर १५ टक्क्यांवर आली असेल, तर त्याच ६० ग्रॅममधून लिटरला ०.९ मिलिग्रॅमच पडतं, अन् पाणी गढूळ असलं तर गाळच ते खाऊन टाकतो. तोटीवर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ते तपासायला आपण ओटी घेतो, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो, पिवळं दिसतं. तिकडं डीपीडी या रसायनाची गोळी टाकतात, गुलाबी. रंग आला नाही तर ते पाणी वाटायचं नाही, रांग कितीही ओरडली तरी. अन् युद्धाच्या मुलखात हीच पावडर हत्याराचा माल म्हणून नाक्यावर अडते. ती सोडवून आणायलाही माणूस लागतो.

शेवटी भांडं. मलावीतल्या एका छावणीत झाकणाच्या, तोटीच्या बादल्या दिल्या, तर पाच वर्षांखालच्या पोरांचे जुलाब ३१ टक्क्यांनी घटले. पाणी तेच होतं, आत हात बुडायचा थांबला. आपली आजी ओगराळ्याशिवाय माठाला हात लावू द्यायची नाही, तेच हे.

तुमचंही थोडं खरं आहे. ताफ्यातले काही जण नुसते अहवाल लिहितात, अन् त्यांचे पगार मलाही खटकतात. पण गोम्याचं जे कळलं ते अहवालांतूनच, म्हणून तिथंही मला ठाम बोलता येत नाही.

अन् आपल्या गावात येणाऱ्या टँकरची ओटी शेवटची कुणी घेतली, हे मी ओसरीवर विचारतो तेव्हा सगळे एकमेकांकडं बघतात. मग कुणीतरी म्हणतंच, "तर मग इथंच का नाही करत हे?" त्याला आजवर मी दर वेळी वेगळं उत्तर दिलंय.