कोर्ट मार्शलवर अपील हवंच

आमच्या नात्यागोत्यात फौजी पुष्कळ. कोर्ट मार्शलच्या, म्हणजे फौजेच्या स्वतःच्या कोर्टाच्या, शिक्षेविरुद्ध कुणी अधिकारी कोर्टात गेल्याची बातमी आली की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच सूर लागतो: फौजेच्या शिस्तीत बाहेरच्या जजनं कशाला पडायचं? मी फोर्टात वकिली करते आणि मला हे अजिबात पटत नाही.

जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात. कायदा जाणणारा जज अ‍ॅडव्होकेट हजर असतो, पण त्याला मत नसतं. निकाल वरिष्ठांनी कायम केला की शिक्षा लागू. त्याच्या आधी आणि नंतर अर्ज करता येतो, पण तोही फौजेतल्या वरिष्ठांकडे किंवा सरकारकडे. यातले बहुतेक लोक प्रामाणिक असतात, हे मी मनापासून मानते. पण ज्याची नोकरी, पेन्शन आणि अब्रू पणाला लागली आहे, त्याचं म्हणणं त्या साखळीबाहेरच्या एका तरी माणसानं ऐकायला नको?

सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे मामा घाटकोपरला राहतात. त्यांच्याशी यावर कडाक्याचा वाद झाला. मी त्यांना रणजित ठाकूर खटला सांगितला. या सिग्नलमननं, म्हणजे फौजेच्या सिग्नल दलातल्या जवानानं, आपल्या कमांडिंग ऑफिसरची तक्रार थेट वर पाठवली, म्हणून त्याला 28 दिवसांची कैद झाली. कैदेत असताना जेवायचा हुकूम मोडल्याचा आरोप आला. मग समरी कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट चालणारा फौजी खटला, झाला आणि त्याला बसले तेच ऑफिसर, ज्यांची त्यानं तक्रार केली होती. शिक्षा: वर्षभराची सक्तमजुरी आणि बडतर्फी. मामा म्हणाले, "जेवला नाही म्हणून? काहीतरीच काय गं!" 1987 साली सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली आणि त्याला नोकरीत परत घ्यायला लावलं. शिस्त त्यामुळे कुठे ढासळली?

तरी तेव्हा रीतसर अपील नव्हतंच. असायची ती रिट, म्हणजे हक्क डावलला म्हणून राज्यघटनेखाली थेट कोर्टात केलेला अर्ज, आणि रिटमध्ये हायकोर्ट पुरावा नव्यानं तोलत नाही. 1982 मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथी पाल सिंग बेदी यांची याचिका फेटाळतानाच सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं, की एकही अपील नसणं ही मोठी उणीव आहे. ती भरून काढायला संसदेला 25 वर्षं लागली. कोर्ट मार्शलवर अपील ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा 2007 चा. तिथे न्यायिक सदस्याबरोबर निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारीही बसतो, म्हणजे फौज न कळणाऱ्यांच्या हाती निकाल जातो ही भीतीही फोल आहे. मुंबईतही खंडपीठ आहे.

मग 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलं, की न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टानं रिट ऐकू नये, दाद मागणाऱ्यानं थेट दिल्लीला सुप्रीम कोर्टात यावं. तिथे अपिलाला परवानगी लागते, आणि ती मुख्यतः सार्वजनिक महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यावरच मिळते. एकट्या माणसावरचा अन्याय यात बसतोच असं नाही. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच निकालानं ही बंदी उठली आणि राज्यघटनेच्या कलम 226 खालची हायकोर्टाची वाट पुन्हा खुली झाली. त्या निकालाचा मला खरोखर आनंद झाला.

पण शिक्षा झालेल्याच्या घरच्यांनी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. पुराव्याची खरी झडती न्यायाधिकरणातच होते, हायकोर्टात तो सगळा पुन्हा उघडला जात नाही. तेव्हा वकिलाकडे येण्याआधी कोर्ट मार्शलच्या प्रोसीडिंग्जची, म्हणजे कामकाजाच्या नोंदीची, पूर्ण प्रत मागून घ्या. आरोपीला ती मागायचा हक्क आहे.